ताराबाई मोडक : मुलाच्या अंगणात गेलेल्या शिक्षिका



गेल्या मार्च महिन्यात रविवारच्या दुसऱ्या मिस्सानंतर एक आई चर्चच्या पायरीशी माझी वाट पाहत उभी होती. हातात तिचा चार वर्षांचा मुलगा आणि पदराखाली घडी केलेला एक कागद. कागद म्हणजे मुलाच्या नर्सरीचे प्रगतिपत्रक होते. रंग ओळखणे, अंक म्हणणे, कविता म्हणणे, संभाषण, एकाग्रता असे रकाने आणि प्रत्येक रकान्यापुढे एक अक्षर. संभाषणाच्या रकान्यात असमाधानकारक असा शेरा. याला पुढच्या वर्गात घालू नका, एक वर्ष इथेच ठेवा, असे त्या माउलीला सांगण्यात आले होते. तिला माझ्याकडून एवढेच हवे होते, की मी मुलाच्या डोक्यावर हात ठेवून त्याच्या बुद्धीसाठी प्रार्थना करावी.

मी हात ठेवला, प्रार्थनाही केली. पण तो कागद दिवसभर डोक्यातून जाईना. चार वर्षांच्या मुलाची प्रगती कशी मोजतात? कुणी मोजायची, आणि मोजून झाल्यावर त्या मोजमापाचे करायचे काय? या प्रश्नांपायी ज्या बाईने आपले जवळजवळ पन्नास वर्षांचे आयुष्य घातले, तिच्याविषयी आज लिहावे असे वाटले. ताराबाई मोडक यांचे नाव आपल्यापैकी वडीलधाऱ्यांनी ऐकले असेल. तरुण आईवडिलांना ते बहुधा माहीत नाही, आणि गंमत म्हणजे त्यांच्या कामातून आलेला एक शब्द त्यांच्या तोंडी रोज असतो. तो शब्द अंगणवाडी.

ताराबाईंचा जन्म १९ एप्रिल १८९२ चा. माहेरच्या त्या केळकर. वडील सदाशिवराव आणि आई उमाबाई दोघेही प्रार्थना समाजाच्या विचारांचे. मुलीला शिकवायचे हे त्या घरात वाद घालून ठरवावे लागले नाही. १९१४ साली ताराबाई मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर झाल्या. त्या काळात पदवीधर मराठी स्त्रिया बोटांवर मोजता येतील इतक्याच होत्या. पुढे अमरावतीचे वकील मोडक यांच्याशी त्यांचे लग्न झाले. हा संसार टिकला नाही. १९२१ साली दोघे कायमचे विभक्त झाले. शंभर वर्षांपूर्वी अशा स्त्रीकडे समाज कोणत्या नजरेने पाहत असेल, हे वेगळे सांगायला नको. आपल्या धर्मग्रामातही एकटीने मुले वाढवणाऱ्या आया आहेत. त्यांना ते आजही ठाऊक आहे.

पदरी लहान मुलगी होती. ताराबाई राजकोटला गेल्या आणि तिथल्या बार्टन महिला अध्यापन महाविद्यालयाच्या प्राचार्या झाल्या. मान होता, पगार होता. एवढ्यावर कुणीही समाधान मानले असते. पण जवळच भावनगरला एक वेगळेच काम सुरू झाल्याचे त्यांच्या कानावर आले. नानाभाई भट्टांनी स्थापन केलेल्या दक्षिणामूर्ती संस्थेत गिजुभाई बधेका नावाच्या गृहस्थाने १९२० साली अडीच-तीन वर्षांच्या मुलांसाठी बालमंदिर काढले होते. गिजुभाई मूळचे वकील. स्वतःच्या मुलाच्या शिक्षणाचा विचार करता करता त्यांच्या हाती मारिया माँटेसरी यांचे विचार आले आणि वकिली सुटली. मिशा असलेली आई असे त्यांना गुजरातेत प्रेमाने म्हणत. १९२३ साली ताराबाईंनी प्राचार्यपद सोडले आणि गिजुभाईंच्या बालमंदिरात त्या मुलांसमोर जमिनीवर येऊन बसल्या.

इथे थोडे थांबून माँटेसरीबाईंविषयी सांगायला हवे, कारण त्यांच्याशिवाय पुढचे कळणार नाही. त्या इटलीच्या, पेशाने डॉक्टर आणि आपल्यासारख्याच कॅथलिक. १९०७ साली रोममधील सान लोरेंझो या गरीब कामगार वस्तीत त्यांनी आपले पहिले बालगृह उघडले. आईबाप कामाला गेल्यावर इमारतीच्या जिन्यांत हुंदडणारी ती मुले होती. काळेवाडीत राहणाऱ्यांना ही वस्ती डोळ्यांपुढे आणायला फार कष्ट पडू नयेत. बाईंनी तिथे एक साधी गोष्ट केली. मुलांच्या हाती वस्तू दिल्या आणि त्या गप्प बसून पाहत राहिल्या. लाकडी ठोकळ्यात दहा भोके आणि त्यांत बसणाऱ्या दहा दट्ट्या. चुकीच्या भोकात दट्ट्या घातला तर शेवटी एक दट्ट्या उरतोच. चूक शिक्षिकेने सांगावी लागत नाही, ठोकळाच सांगतो. मग शिक्षिकेने काय करायचे? पाहायचे. कोणते मूल कोणती वस्तू उचलते, किती वेळ तिच्यात रमते, काल जे जमले नाही ते आज जमले का, हे पाहायचे आणि टिपून ठेवायचे. बक्षीस नाही, शिक्षा नाही, पहिला नंबर नाही. परीक्षा मुलाची नव्हे, शिक्षिकेच्या डोळ्यांची होती.

याच सुमारास पॅरिसमध्ये दुसरा एक मार्ग निघाला होता. आल्फ्रेड बिने यांनी १९०५ मध्ये मुलांच्या बुद्धीची पहिली चाचणी तयार केली. शाळेत कोणत्या मुलांना जास्त मदत लागेल हे वेळीच कळावे, एवढाच तिचा हेतू होता. बुद्धी ही जन्मभर न बदलणारी वस्तू आहे असे खुद्द बिने मानत नव्हते. पण आकडा हाती आला, की माणसाला त्याची भुरळ पडते. दुसऱ्यांनी त्या चाचणीतून मुलांवर शिक्के मारायला सुरुवात केली. आपल्याकडे डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी १९३० च्या दशकात हीच चाचणी मराठी आणि कानडी मुलांसाठी बसवली. बिने-कामत चाचणी या नावाने ती पुढे दवाखान्यांत रूढ झाली आणि विशेष मदतीची गरज असलेली कितीतरी मुले तिच्यामुळे ओळखता आली. म्हणून चाचणी वाईट असे मी म्हणणार नाही. तापमापी वाईट कशी असेल? पण तापमापी दाखवून कुणी मुलाला नापास करू लागला, तर त्याला थांबवावे लागेल.

ताराबाई भावनगरला नऊ वर्षे राहिल्या. १९२६ साली नूतन बाल शिक्षण संघ स्थापन झाला. त्याच्या उभारणीत आणि शिक्षण पत्रिका या मासिकाच्या कामात त्या गिजुभाईंच्या बरोबरीने होत्या. पुढे त्यांनी महाराष्ट्रात येऊन मराठीतून तेच काम मांडले. १९३६ साली मुंबईत दादरला त्यांनी शिशुविहार सुरू केले. त्याला जोडूनच बालशिक्षिका तयार करण्याचे अध्यापन मंदिरही उभे राहिले. लहान मुलांना शिकवायला फारसे शिकलेली बाई लागत नाही, हा समज तेव्हा होता तसा आजही आहे. ताराबाईंना नेमके उलट वाटे. मोठा मुलगा आपल्याला काय कळले नाही ते बोलून सांगतो. तीन वर्षांचे मूल सांगू शकत नाही, म्हणून त्याच्याजवळ बसणाऱ्या बाईची नजर जास्त तयार हवी.

१९३९ साली माँटेसरीबाई स्वतः भारतात आल्या. महायुद्ध पेटले, इटली इंग्रजांच्या शत्रुपक्षात गेली आणि त्या इथेच अडकल्या. मद्रासजवळ अड्यारला आणि कोडाईकनालला राहून त्यांनी हजाराहून अधिक शिक्षकांना तयार केले. भारतात माँटेसरी शाळा वाढल्या, पण बहुतेक वाढल्या त्या ऐपतदारांच्या वस्तीत. साहित्य महाग आणि फी महाग. म्हणजे रोमच्या गरीब वस्तीत जन्मलेली पद्धत इथे श्रीमंतांच्या घरी पाहुणी झाली. १९३१ साली लंडनमध्ये गांधीजी माँटेसरीबाईंना भेटले होते, तेव्हा त्यांच्या बोलण्यात भारतातील गरिबांची मुले होती. तो प्रश्न ताराबाईंच्या मनातही होता. दादरच्या शिशुविहारात स्वच्छ कपड्यांतली, पोटभर खाल्लेली, घरी पुस्तके असलेली मुले येत होती. त्यांची वाढ चांगली होत होती, यात नवल ते काय?

वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, १९४५ च्या अखेरीस, ताराबाईंनी मुंबई सोडली आणि त्या तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील बोर्डी या समुद्रकाठच्या गावी गेल्या. तिथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू झाले. त्यांच्यासोबत होत्या अनुताई वाघ. अनुताई आपल्या पुणे जिल्ह्यातल्या, मोरगावच्या. तेराव्या वर्षी लग्न आणि काही महिन्यांतच वैधव्य. पुढे शिकून त्या शिक्षिका झाल्या. बोरिवलीच्या एका शिबिरात त्यांची ताराबाईंशी गाठ पडली आणि तिथून पुढे त्या दोघींचे काम वेगळे काढताच येत नाही. एक संसार मोडलेली, एक विधवा. त्या काळच्या मापाने दोघीही नापासच.

बोर्डीत बालवाडी उघडली, पण मुले यायला हवीत ना! दलित वस्तीतली आणि आदिवासी पाड्यांवरची मुले येईनात. आईबाप पहाटेच कामावर जात, मोठी मुले धाकट्यांना सांभाळत, गुरे राखत. आलेली मुलेही अंगावर खरूज, नखांत माती, पोटात भूक घेऊन येत. शिक्षिकांना आधी त्यांना अंघोळ घालावी लागे, नखे कापावी लागत, केस विंचरावे लागत. मुले बालवाडीकडे येत नाहीत, तर बालवाडीने मुलांकडे जावे, असे ठरले. एक मध्यवर्ती बालवाडी गावात चालू राहिली. दुसरी शिक्षिकेच्या पिशवीतून वस्तीत गेली आणि एखाद्या घरापुढच्या अंगणात भरू लागली. तिला नाव पडले अंगणवाडी.

साहित्यही बदलले. परदेशी लाकडी ठोकळ्यांऐवजी चिंचोके, शंखशिंपले, पाने, बिया, खडे, माती. शिंपले लहान-मोठे लावायचे, पाने आकारांवरून वेगळी करायची, बिया मोजायच्या. काम तेच होते, खर्च मात्र काही नव्हता. माँटेसरीच्या काही कडव्या भक्तांना हे रुचणारे नव्हते, कारण त्यांच्या लेखी साहित्याचा आकार आणि रंगसुद्धा ठरलेला. मला विचाराल तर ताराबाईंनी बाईंची पद्धत मोडली नाही. त्यांनी ती परत सान लोरेंझोला नेली.

१९५७ मध्ये संस्थेचे काम बोर्डीहून जवळच्या कोसबाडच्या टेकडीवर गेले. आजूबाजूला वारली पाडे. इथे ताराबाईंचे वय पासष्ट. आणि इथेच, मला वाटते, मुलांच्या मोजमापाचा प्रश्न सर्वांत उघडपणे समोर येतो. दादरच्या फूटपट्टीने कोसबाडचे मूल मोजा. त्याला शाळेची मराठी येत नाही. पेन्सिल धरता येत नाही. अनोळखी माणसापुढे ते तोंड उघडत नाही. शून्य गुण. आता तेच मूल रानात पाहा. पाच वर्षांच्या वयात ते झाडावर चढते, शेळ्या घरी आणताना एखादी कमी असेल तर त्याच्या लगेच ध्यानात येते, कोणते फळ खायचे आणि कोणते नाही ते जाणते, कडेवरच्या भावंडाला शांत करते. यातले काहीच आपल्या रकान्यांत बसत नाही. मग कमी कोण पडले, मूल की रकाना?

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना अॅरिस्टॉटलचा एक विचार आम्ही घोकला होता : बीमध्ये झाड असते, पण झाड म्हणून नव्हे, होऊ शकणारे काहीतरी म्हणून. परीक्षेत मला त्यावर बरे गुणही मिळाले होते. पण बीकडे पाहून झाड किती वाढेल हे सांगणारी फूटपट्टी कुठल्याच तत्त्वज्ञाने दिलेली नाही, हे मला ताराबाईंचे चरित्र वाचताना प्रथम नीट उमगले. माळी रोज बागेत जातो तो बीला गुण द्यायला नव्हे. पाणी कमी पडते का, कीड लागली का, ऊन जास्त झाले का, हे बघायला जातो.

कोसबाडला विकासवाडी उभी राहिली. तिची कल्पना अशी, की पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच ठिकाणी असावी. मोठी बहीण धाकट्याला सांभाळायला घरी राहते म्हणून शाळेत येत नाही ना? मग धाकट्यालाही घेऊन ये. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी तर शाळाच कुरणात गेली. तिला कुरणशाळा म्हणत. गुरे चरत आहेत आणि मुले झाडाखाली शिकत आहेत. मूल गैरहजर राहिले तर शेरा मुलाच्या नावापुढे न मारता शाळेने आपली जागा बदलायची, ही रीत मला तरी दुसरीकडे फारशी आढळली नाही.

१९६२ साली भारत सरकारने ताराबाईंना पद्मभूषण दिले. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी त्यांचे निधन झाले. अनुताईंनी पुढे जवळजवळ दोन दशके, १९९२ मध्ये डोळे मिटेपर्यंत, कोसबाडचे काम सांभाळले. त्यांनाही १९८४ मध्ये पद्मश्री मिळाली.

ताराबाई गेल्यानंतर दोनच वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ रोजी, एकात्मिक बाल विकास सेवा योजना देशातील ३३ ठिकाणी सुरू झाली आणि तिच्या केंद्रांना नाव मिळाले अंगणवाडी. आज देशात सुमारे १४ लाख अंगणवाड्या आहेत. पण नाव जितके पसरले, तितकी ती नजर पसरली का? अंगणवाडीत पहिली काळजी वजनाची. कुपोषण समोर असताना ते योग्यच होते. दर महिन्याला वजन, वाढीच्या तक्त्यावर ठिपका, ठिपका कोणत्या रंगात पडतो ते पाहणे. या ठिपक्यांनी असंख्य मुलांचे जीव वाचवले आहेत. मात्र आहार, लसीकरण, रजिस्टर आणि आता मोबाईलमधली माहिती यांतून सेविकेला मुलाजवळ नुसते बसून पाहायला किती वेळ उरतो, हे तिलाच विचारावे.

दुसरीकडे शहरांत गल्लोगल्ली नर्सऱ्या निघाल्या आणि तिथे अडीच वर्षांच्या मुलाची मुलाखत होऊ लागली. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने प्रवेशासाठी मुलांची चाळणी लावण्याला बंदी घातली, तरी हौस पूर्ण गेलेली नाही. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर २०२२ मध्ये पायाभूत स्तराचा अभ्यासक्रम आराखडा आला. तीन ते सहा वर्षांच्या मुलांची लेखी-तोंडी परीक्षा नको, शिक्षकाने निरीक्षण करावे, मुलाचे चित्र, त्याचे खेळणे, त्याचे बोलणे यांवरून नोंद करावी, असे त्यात म्हटले आहे. वाचताना मला वाटले, हे तर कोसबाडचेच पत्र, जरा उशिरा पोहोचले.

आता त्या प्रगतिपत्रकाकडे वळतो. त्या आठवड्यात मी त्यांच्या घरी गेलो. नढेनगरच्या बाजूला एका चाळीत एक खोली. वडील चाकणच्या एका वर्कशॉपमध्ये कामाला, मूळचे नगर जिल्ह्याचे. मुलगा जमिनीवर बसून वडिलांच्या डब्यातले नट आणि बोल्ट जुळवत होता. लहानाला लहान, मोठ्याला मोठा. न जुळणारा हळूच बाजूला ठेवत होता. एकाग्रतेच्या रकान्यात त्याला काय अक्षर मिळाले होते ते मी इथे लिहीत नाही.

मी शेजारच्या अंगणवाडीच्या सेविकाताईंना बोलावून घेतले. त्यांनी कागद पाहिला, बाजूला ठेवला आणि दारातच मांडी घालून अर्धा तास मुलाकडे पाहत बसल्या. मग उठून त्याच्या पाठीमागे गेल्या आणि हळू आवाजात त्याचे नाव घेतले. मुलाने वळून पाहिले नाही. थोडे मोठ्याने घेतले, तरी नाही. टाळी वाजवल्यावर मात्र वळला. ताईंनी आईला एकच विचारले, याला वारंवार सर्दी होते का? होत होती. कान वाहतो का? मधूनमधून वाहत होता.

अंगणवाडीतील मुलांच्या तपासणीसाठी २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक येते. ते येईपर्यंत न थांबता आईने मुलाला कानाच्या डॉक्टरांकडे नेले. दोन्ही कानांच्या पडद्यांमागे पाणी साठले होते. उपचार झाले, ऐकण्याची चाचणी झाली. या वेळी चाचणीनेही आपले काम केले.

तो मुलगा आता जूनपासून अंगणवाडीत जातो. रविवारी मिस्साला पहिल्या बाकावर बसतो आणि माझ्या प्रवचनाच्या मध्येच मोठ्या आवाजात आईला काहीतरी विचारतो. लोक मागे वळून पाहतात, आई ओशाळते. मी अजून तरी त्याला गप्प करा म्हणालेलो नाही.